हळवं मोहोळ

मागच्या पडवीच्या जांभ्याच्या भिंतीत एक चीर आहे. करंगळी जाईल न जाईल एवढी. तिच्यापलीकडे पूर्वी दिव्याचा कोनाडा होता. कुणीतरी कधीतरी तो चिखलाने लिंपून बुजवला. दिवा गेला, पोकळी राहिली. त्या पोकळीत आता सातेरी माश्या राहतात. भिंतीला कान लावला की आत दूर कुठेतरी जातं फिरत असल्यासारखी घरघर ऐकू येते, आणि दगड गालाला किंचित उबदार लागतो. निदान मला तसा वाटतो.

कोजागिरी नुकतीच झाली होती. दवाने गवत अजून वाकलेलं होतं. ऊन चिरेपर्यंत चढायची वाट बघत मी पायरीवर बसलो होतो. पहिल्या चार-दोन माश्या दाराशी आल्या, मिशा पुसून उडून गेल्या. मग एक कामकरी माशी पाठमोरी, कसलं तरी ओझं ओढत बाहेर आली. ओझं पांढुरकं, ओलसर, जवळजवळ तिच्या अंगाएवढं. ती थांबली, पकड बदलली, पुन्हा ओढू लागली. चिरेच्या ओठावर दोघी क्षणभर डुगडुगल्या आणि ती उडाली. भाराने आधी खाली झुकली, मग सावरून जास्वंदीपलीकडे दिसेनाशी झाली. परतली तेव्हा तिचे जबडे रिकामे होते.

ते ओझं म्हणजे एक अळी होती. तिची बहीण.

असं काही पाहिलं की आपल्या मनात माणसांचे शब्द गर्दी करतात. अंत्ययात्रा, निरोप, कठोरपणा. ते सगळे आपण जरा उंबऱ्याबाहेर ठेवू या आणि त्या चिरेतून आत जाऊ. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. आत संपूर्ण काळोख आहे, आणि त्या काळोखात एकापाठोपाठ एक टांगलेली मेणाची समांतर पोळी. सात पोळ्यांची म्हणून सातेरी, असं जुने मधपाळ सांगतात. गोव्यात सातेरी हे देवीचं नाव आहे; वारुळाच्या रूपात तिची पूजा होते. मातीच्या आड, उजेडाला पाठ करून गजबजलेलं अख्खं गाव, हे चित्र मात्र दोन्हीकडे एकच.

या मेणगावात सगळा व्यवहार वासाने चालतो. राणी आहे की नाही, कोणती अळी भुकेली आहे, कोणती कोठडी झाकायची वेळ झाली, हे सगळं गंधलिपीत लिहिलेलं असतं आणि मिशांनी वाचलं जातं. आणि ज्याला ही लिपी येते असा आणखी एक प्राणी या गावात राहतो. त्याला डोळे मुळीच नाहीत. आठ पाय, तांबूस तपकिरी रंग, पालथ्या घातलेल्या चपट्या वाटीसारखं अंग, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. गोचिडीच्या गोतावळ्यातला. नाव व्हरोआ. दीड मिलिमीटर म्हणजे आपल्या लेखी काहीच नाही. पण माशीच्या अंगाशी त्याचं प्रमाण लावलं तर आपल्या पाठीवर जेवणाच्या ताटाएवढी गोचीड चिकटल्यासारखं होईल.

व्हरोआची मादी अळीच्या कोठडीत शिरते ती अगदी शेवटच्या क्षणी, कामकरी माश्या कोठडीचं तोंड मेणाने बंद करायच्या थोडं आधी. अळीखाली जे पातळ खाद्य साचलेलं असतं त्यात ती बुडून राहते. वर झाकण बसलं की हलते, अळीच्या कातडीला एक भोक पाडते आणि तिच्या अंगातला रस चाखू लागते. साधारण तीन दिवसांनी पहिलं अंडं घालते. त्यातून नर निघतो. पुढच्या सगळ्या मुली. भावाबहिणींचा संसार त्याच बंद खोलीत उरकतो, आणि माशी बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत आईचा आणि मुलींचा वानोळाही बाहेर पडतो. नर आतच मरतो. त्याने बाहेरचं जग कधी पाहिलेलं नसतं; पाहायला डोळेही नसतात.

हा प्राणी प्रथम सापडला जावा बेटावर, १९०४ साली, सातेरीच्याच पोळ्यात. म्हणजे ती त्याची मूळ यजमान. युगानुयुगं दोघं एकाच छताखाली राहत आली. मग माणसाने युरोपातली मोठी, भरपूर मध देणारी माशी आशियात आणली आणि दोन मोहोळं शेजारी शेजारी ठेवली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास व्हरोआने उंबरा ओलांडला. तिथून पेट्यांबरोबर, राण्यांच्या टपालाबरोबर तो जगभर गेला. १९८७ मध्ये अमेरिकेत, २००० मध्ये न्यूझीलंडला, आणि ज्यांनी सर्वांत जास्त काळ दार लावून धरलं होतं त्या ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये. जिथे गेला तिथे युरोपीय माशीच्या वसाहती दोन-तीन वर्षांत कोसळू लागल्या. त्याच्या तोंडून जाणारे विषाणू कोवळ्या माशीचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे करून टाकतात. २००० साली कळलं की जगभर पसरलेला हा व्हरोआ जावातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. त्याला नवं नाव मिळालं ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे विध्वंसक. सातेरीच्या घरात तो कधीच विध्वंसक नव्हता. नाव ठेवताना आपण एकाच घराची पडझड पाहिली.

मग सातेरीच्या घरात असं काय आहे?

पहिलं उत्तर आपल्याला सहज पटेल असं आहे. सातेरी चपळ असते. अंगावर काही चढल्याची चाहूल लागली की ती पायांनी स्वतःला झाडू लागते. हात पुरत नाही अशा जागी व्हरोआ बसला असेल तर ती अंग थरथरवत एक छोटा नाच करते, आणि आसपासच्या बहिणी गोळा होतात. मिशांनी चाचपतात, पंख उचलून पाहतात, देहाच्या सांध्यासांध्यांत जबडे घालून शोधतात. सापडला की चावून बाहेर. दुपारी अंगणात एकीमागे एक बसून उवा काढणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य नवं वाटू नये. १९८७ साली हे बारकाईने नोंदलं गेलं तेव्हा संशोधकांना वाटलं, गुपित सापडलं.

पण गुपित याहून खोल होतं, आणि ते चपळाईत नव्हतं.

व्हरोआ युरोपीय माशीच्या कामकरी अळीला चावतो तेव्हा ती अळी सोसते. रक्ताचं, चरबीचं देणं देत देत ती वाढत राहते, कोष करते, अपंग का होईना पण माशी होऊन बाहेर येते. तिच्या या सोशिकपणावरच व्हरोआचा वंश पोसला जातो. सातेरीची कामकरी अळी सोसत नाही. चावा बसला की तिची वाढ खुंटते आणि ती लवकरच मरते. मरताना तिचा वास बदलतो. झाकणावरून फिरणाऱ्या दाईमाशीला तो कळतो, झाकण फुटतं, अळी ओढून बाहेर टाकली जाते. व्हरोआच्या मादीने अंडी घालण्याआधीच पाळणाघर मोडतं. ती जिवंत निसटली तरी मुलींविना निसटते.

पुन्हा एकदा हळूच वाचावं असं हे वाक्य आहे: सातेरीचं मोहोळ टिकतं, कारण तिची अळी दुबळी आहे.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. रोगाशी झुंज म्हटलं की आपल्याला जाड कातडी आठवते, चिलखत आठवतं, तटबंदी आठवते. इथे मोहोळाचं बळ त्याच्या सगळ्यांत कोवळ्या जीवाच्या हळवेपणात दडलेलं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी याची तुलना आपल्या देहातल्या एका घटनेशी केली. गर्भात असताना आपला पंजा आधी वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या पेशी वेळ आली की आपण होऊन मरतात, आणि म्हणून बोटं सुटी होतात. आत्ता हे पान ज्या बोटांनी धरलं आहे ती अशा मरणांनी कोरलेली आहेत. मोहोळ हा एक देह मानला, तर जास्वंदीपलीकडे नेऊन टाकलेली ती अळी म्हणजे त्या देहाची एक पेशी.

इथे ‘त्याग’ हा शब्द जिभेवर येतो. मी तो वापरणार नाही. त्यागाला निवड लागते, आणि अळीने काही निवडलेलं नाही. तिला तर एकच गोष्ट येते, पटकन मरणं. पण मग हा गुण उतरला कसा? जी मरते तिला संतती नाही; जी जगते त्या कामकरी माशीलाही सहसा संतती नाही. डार्विनला १८५९ मध्ये हाच प्रश्न छळत होता: वांझ कामकऱ्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात कसे? त्याने सुचवलेली वाट अशी की निवड एकट्या जीवाची होत नाही, कुटुंबाची होते. १९६४ साली विल्यम हॅमिल्टनने त्या वाटेचं गणित मांडलं. अळी मरते, पण तिच्यातला हळवेपणा तिच्या बहिणींच्या आणि भावांच्या देहांत तसाच असतो. त्यांतली एखादी उद्या राणी होईल, एखादा नर आकाशात राणीला गाठेल. ज्या मोहोळातल्या अळ्या चावा बसूनही तग धरत राहिल्या ती मोहोळं व्हरोआने भरून गेली आणि विझली. जिथल्या अळ्या पटकन मेल्या तिथे थवे सुटत राहिले. युगानुयुगं हेच चाळणं चाललं, आणि चाळणीखाली जे उरलं ते त्या चिरेत गुणगुणतंय.

१९६४ सालीच अमेरिकेत वॉल्टर रॉथेनब्यूलर दुसऱ्या एका रोगाशी झुंजणाऱ्या युरोपीय माश्या पाहत होता. त्याच्याकडे दोन कुळं होती. एक मेलेली अळी झाकण फोडून बाहेर टाकणारं, दुसरं तिला तशीच कुजू देणारं. दोघांचा संकर करून, त्या संकराचा पुन्हा स्वच्छ कुळाशी संबंध आणून त्याने २९ वसाहती तयार केल्या. सहा वसाहतींनी काम पूर्ण केलं. नऊ वसाहतींनी झाकण फोडलं आणि पुढे काहीच केलं नाही. मेलेली अळी उघडी पडून राहिली. उरलेल्या चौदा ढिम्म. पण त्याने स्वतःच्या हाताने झाकणं उघडून दिली तेव्हा त्या चौदांतल्या सहा वसाहतींनी अळ्या उचलून बाहेर नेल्या. त्यांना काढून टाकणं येत होतं, दार उघडणं येत नव्हतं. एकच कर्तव्य दोन तुकड्यांत वाटलं गेलं होतं, आणि दोन तुकडे एका घरात आले तरच ते पुरं होत होतं. आता आपल्याला ठाऊक आहे की यात दोनाहून कितीतरी जास्त जनुकं गुंतलेली आहेत. गणित इतकं सुबक नाही. तरीही ती नऊ मोहोळं माझ्या मनातून जात नाहीत. दार उघडून उभी राहिलेली, पुढे काय करायचं ते न आठवणारी.

तुकडे एकत्र येण्याची सोय मधमाशीने आकाशात केलेली आहे. राणी आयुष्याच्या सुरुवातीला उंच उडते आणि एका नराशी थांबत नाही. दहा, बारा, कधी त्याहून जास्त नरांचं बीज घेऊन परतते. त्यामुळे एकाच मोहोळात डझनभर बापांच्या लेकी नांदतात. एका बापाच्या लेकींना मरणाचा वास लवकर येतो, दुसऱ्याच्या झाकण फोडण्यात तरबेज, तिसऱ्याच्या एखाद्या रोगाला दाद न देणाऱ्या. रोग घरात शिरला तरी त्याला प्रत्येक खोलीत वेगळं कुलूप लागतं. २००६ मध्ये युरोपीय मधमाशीचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा एक गोष्ट चकित करणारी निघाली: फळमाशी किंवा डासाच्या मानाने रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या कुळांत मधमाशीकडे जेमतेम तिसरा हिस्सा होता. कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतातच. त्यात हिच्याकडे शस्त्रं आणखी कमी. तिचं बरंचसं औषध तिच्या देहाबाहेर, बहिणींच्या जबड्यांत आणि बापांच्या गर्दीत पसरलेलं आहे.

नरांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय सातेरीचं घर पुरं होत नाही. व्हरोआला तिने सगळी दारं बंद केलेली नाहीत. नराच्या कोठडीत तो वाढू शकतो. पण सातेरी वर्षभर नर वाढवत नाही. फुलोरा भरात आला, थवे सुटायचे दिवस जवळ आले की तेवढ्यापुरते. म्हणजे व्हरोआला वर्षातून एक ऋतू मिळतो. शिवाय सातेरीच्या नरकोठडीचं टोपण निराळं असतं. वरचं मेण कामकरी माश्या खरवडून नेतात, आणि खाली उरतं कोषाचं कडक, शंकूसारखं टोपण, ज्याच्या टोकाला सुईने पाडावं तसं एक भोक असतं. आतला नर धट्टाकट्टा असेल तर हे टोपण कापून बाहेर येतो. अनेक व्हरोआंनी शोषून दुबळा केला असेल तर त्याला ते फोडता येत नाही. आणि बाहेरून कुणी फोडूनही देत नाही. तो तिथेच मरतो, त्याच्यासोबत त्याला खाणारेही मरतात. दार हेच थडगं होतं. ज्याला पैलतीर गाठायचा आहे अशा व्हरोआने म्हणूनच नराला फार दुबळं करून चालत नाही. त्यालाही हात आखडता घ्यावा लागतो. दोघांनी एकमेकांना इतका काळ तासलं आहे की आता एकाचा आकार दुसऱ्याच्या आकाराशिवाय सांगता येत नाही.

एवढं सगळं वाचून सातेरी अजिंक्य आहे असं वाटेल. तसं नाही, आणि ते आपल्याच डोळ्यांदेखत सिद्ध झालं. सत्तरच्या दशकात थायलंडमध्ये तिच्या अळ्यांना एक विषाणू झाला. १९७८ मध्ये तो ईशान्य भारतात पोचला, १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत उतरला. या विषाणूचं सगळं लेखन सुमारे ८,८०० अक्षरांचं. सातेरीच्या जनुकसंचात अशी सुमारे २३ कोटी अक्षरं. तेवढ्याशा चिठ्ठीने पोथी पेटवली. अळी कोष करायच्या सुमारास थांबते, तिच्या कातडीखाली पाणी साचतं, चिमट्याने उचलली तर पाण्याची चिमुकली पिशवी लोंबावी तशी लोंबते. केरळात, कोडगूत, कन्याकुमारीकडे दहांतल्या नऊ वसाहती गेल्या. पेट्या होत्या तिथेच राहिल्या. रिकाम्या पेटीचं मेण मेणकिडा खातो, आणि मग तिला जाळ्यांचा वास येतो. ज्याने तो घेतला आहे तो मधपाळ पुढचा काही काळ पेटीचं झाकण उचलत नाही.

पण दहावी वसाहत? तिचं काय?

ती कुठे फणसाच्या ढोलीत होती, कुठे पडक्या विहिरीच्या कपारीत, कुठे एखाद्याच्या परसात. तिच्यात नेमकं काय निराळं होतं ते एका वाक्यात सांगता येत नाही. कुठे जबडे चलाख असावेत, कुठे अळीच्या पेशींत विषाणूची लिपी ओळखून तिचे तुकडे करणारी यंत्रणा जास्त जागी असावी, कुठे मोहोळाने रोगट घर वेळेत सोडून दुसरीकडे संसार मांडला. सातेरीची ही पळून जायची खोड मधपाळांना नकोशी. पण मागे टाकलेल्या पोळ्यांत रोगही मागे राहतो. उरलेल्यांपासून पुन्हा थवे सुटले, पुन्हा पेट्या भरल्या. रोग गेला नाही, अधूनमधून डोकं वर काढतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या जांभळा-हिरड्यावर फिरणाऱ्या सातेरी अशाच उरलेल्यांच्या वंशातल्या.

युरोपीय माशीलाही हे जमेल का? न्यूयॉर्क राज्यात अर्नॉट नावाचं जंगल आहे. थॉमस सीली यांनी १९७८ मध्ये तिथल्या झाडांच्या ढोलींतली मोहोळं मोजली होती. मग व्हरोआ आला. २००२ मध्ये ते परत गेले तेव्हा मोहोळं जवळजवळ तितकीच होती. मधल्या काळात काय झालं ते पेटीबंद करून ठेवलेल्या जुन्या माश्यांनी सांगितलं. १९७७ सालच्या त्या नमुन्यांशी २०१० च्या माश्यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा आईकडून येणाऱ्या वंशरेषांतल्या बहुतेक पुसल्या गेलेल्या दिसल्या. मोठा मृत्यू होऊन गेला होता, कुणाच्या नकळत. पण बाकीचं वैविध्य टिकून होतं. वाचलेल्या मोजक्या राण्यांनी पुष्कळ नरांचं बीज सांभाळलं होतं. मेलेल्या मोहोळांचे गुण जिवंत मोहोळांत वस्तीला आले होते. नव्या माश्या जुन्यांपेक्षा अंगाने थोड्या लहानही झाल्या होत्या. त्यांना कुणी औषधाच्या पट्ट्या दिल्या नव्हत्या. पेट्यांतल्या माश्यांना आपण देतो, आणि द्यावंसं वाटणारच. समोर मोहोळ विझताना बघत बसणं कुणाला जमेल? पण औषधाने आज जगलेलं मोहोळ उद्यासाठी काही शिकत नाही, हेही खरं. या दोहोंत मला अजून बाजू घेता आलेली नाही.

हिवाळा सरला. आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरल्या. चिरेतली ये-जा वाढली, दुपारच्या वेळी जाडसर आवाजाचे, मोठ्या डोळ्यांचे नर बाहेर पडून आकाशात नाहीसे होऊ लागले. एका सकाळी पडवी झाडताना केरात काहीतरी लकाकलं. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, टोपीसारखं, तपकिरी. चिमटीत धरलं तर नखाखाली कडक लागलं. सुबक शंकू, कडेला गोल कापलेला, आणि टोकाला भोक.

नरकोठडीचं टोपण. म्हणजे ज्याचं होतं तो आतून कापून बाहेर आला होता. केरात अशी आणखी अकरा सापडली. मी ती तळहातावर मांडून पाहिली. जे बाहेर आले त्यांची टोपणं मोजता येतात, जे आत राहिले त्यांची भिंतीपलीकडेच. एक टोपण उचलून उन्हाकडे धरलं. त्या भोकातून उजेडाचा एक कण आला आणि अंगठ्यावर बसला.